जनीनच्या भिंतीतली भोकं

जनीन,

तुझ्या सुऱ्या अजून माझ्याच स्वयंपाकघरात आहेत, वरच्या खणात. पावाची, बटाट्याची, आणि ती मासे कापायची, लांब, लवचीक पात्याची. तू गाव सोडलंस तेव्हा गाद्या नेल्यास, पडदे नेलेस, लेकीला, ब्रायनीला, बसायला लागतो तो मासळीचा रिकामा खोका दोरीने बांधून गाडीच्या टपावर नेलास, आणि सुऱ्या राहिल्या. घरात सुरी नसण्याची तुला इतकी सवय झाली होती की आपल्या मालकीच्या सुऱ्या आहेत हेच तू विसरलीस.

परवा तळलेल्या मासे-चिप्सच्या दुकानात रांगेतली एक बाई म्हणाली, "हार्करांची जनीन ना? लेकीला बोर्डिंगात टाकून मोकळी झाली." मी तिला तिथल्या तिथे असं सुनावलं की व्हिनेगरची बाटली तिच्या हातात तशीच राहिली. पण एकेकीला सुनावत बसायला माझ्याकडे आता तेवढी वर्षं नाहीत. म्हणून लिहून काढते. तू वाच, आणि आपल्या गावातल्या, थॉर्नहेवनमधल्या त्या शहाण्यांनाही वाचू दे.

तू माझ्या जीवशास्त्राच्या वर्गात होतीस. बेडूक फाडायच्या दिवशी बाकीच्या पोरी किंचाळत होत्या, एक तर बेशुद्ध पडली, आणि तू गळ्यापासून खालपर्यंत एका रेघेत तो उघडून माझ्याकडे बघत होतीस, की आता पुढे काय. मी तुला म्हटलं होतं, कॉलेजात जा. तू हसलीस. सोळाव्या वर्षी शाळा सोडून आईच्या शेजारी मासळीच्या शेडमध्ये उभी राहिलीस. रबरी एप्रन, गार पाणी, बर्फाने लाल झालेली बोटं. हॅडॉक माशाच्या डोक्यामागे सुरी घालायची आणि शेपटीपर्यंत एकच ओढ. तुझ्यासारखा हात धक्क्यावर दुसरा नव्हता. हे मी नाही म्हणत, तुझा मुकादम म्हणायचा, आणि तो कुणाला चांगलं म्हणणाऱ्यांतला नव्हता.

पुढे आपण शेजारी झालो. आपल्या गल्लीत घरांना एकच सामाईक भिंत असते, त्यामुळे शेजाऱ्याचं काही लपत नाही. तुझा नवरा निघून गेला ते मी ऐकलं. ब्रायनीचा जन्म झाला तेही ऐकलं. ती चार वर्षांची होऊनही बोलली नाही, तेव्हाची शांतताही ऐकली. आणि मग ती ताकदीची झाली तेव्हापासूनचे आवाज. त्यांचा क्रम मला पाठ झाला होता. आधी दार, मग खुर्ची, मग भिंत, मग तू.

ब्रायनी स्वमग्न आहे. वाईट मुलगी नाही, कधीच नव्हती. खोक्यात पाय पोटाशी घेऊन बसली की तासन् तास ओल्या दोराचा वास घेत राहायची. तळलेल्या माशाचं वरचं कुरकुरीत कवच तेवढं खायची, मासा तुला. पण एखादी घंटा वाजली, कुणी पाठीमागून हात लावला, ठरलेल्या रस्त्याऐवजी दुसऱ्या रस्त्याने नेलं, की तिच्या आत काहीतरी फुटायचं. मग ती चावायची, केस धरायची, टाचेने भिंत फोडायची, त्याच भिंतीवर कपाळ आपटायची. अकराव्या वर्षी ती तुझ्या खांद्याला लागत होती आणि तुझ्याहून जड होती.

अशा घरात सुरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे यायचीस. "बाई, जरा पाव कापू का तुमच्याकडे?"

"काप. हे मनगटाला काय झालं?"

"कामावर लागलं."

"हॅडॉकला एवढे दात असतात?"

"कॉड माशाला असतात की, बाई. तुम्हीच शिकवलंत."

आणि हसायचीस. वरचा ओठ फुटलेला, तरी हसायचीस. मग चार दिवसांचा पाव कापून, फडक्यात गुंडाळून, सुरी धुऊन परत खणात.

भिंतीतली भोकं तू बुजवायचीस. त्या कामातही तुझा हात बसला होता. लांबी कालवायची, पत्र्याने दाबून भरायची, वाळली की घासायची, वरून सायीच्या रंगाचा हात. ब्रायनी झोपून उठायच्या आत भिंत कोरी. मी एकदा म्हटलं, "राहू दे की एखादं, कोण बघतंय?" तू म्हणालीस, "कौन्सिल."

शाळाही त्यांच्या हातात आणि घरातून मूल काढून नेणंही, म्हणून आपल्या गल्लीत हा शब्द कुणी उगाच उच्चारत नाही. तुझा धाकटा भाऊ कीथ. मोरीत खरकटं पडलेलं, पोराचं अंथरूण ओलं, तुझी आई दोन पाळ्या करून खुर्चीतच झोपलेली, आणि नेमकी त्या दिवशी कौन्सिलची बाई आली. कीथला गाडीत बसवून नेलं. मागच्या काचेतून त्याचा चेहरा अख्ख्या गल्लीने पाहिला. तो परत आला नाही. तेव्हापासून इथे कौन्सिलचं माणूस येणार म्हटलं की बायका उंबरे घासतात, पडदे धुतात, पोरांचे गुडघे लाल होईस्तोवर चोळतात. दुखणं असो, मार असो, उपास असो, आत ठेवायचं. बाहेरच्याला चकचकीत दाखवायचं. तू त्यातच वाढलीस.

आणि तुला हवं होतं ते त्याच कौन्सिलकडून. शाळेला बांधून ठेवणारा 'प्लॅन', म्हणजे मुलीला काय काय लागतं त्याचा कायदेशीर आराखडा. तो एकदा झाला की कायद्यानेच मुलीला तिच्या जोगी शाळा, शिकवणारी माणसं, सगळं द्यावं लागतं. तो नसला की ब्रायनी आहे तिथेच, त्या घंटांच्या शाळेत, काढून टाकेपर्यंत.

ब्रायनीच्या शाळेचे हेडमास्तर ल्यूकॉक. गोड माणूस, म्हणूनच मला पहिल्यापासून आवडला नाही. ब्रायनी जरा चुळबुळायला लागली की त्यांचा फोन शेडमध्ये. "मिसेस हार्कर, आज जरा लवकर न्याल का? दमल्यासारखी वाटतेय." तू अर्धा मासा तसाच टाकून, एप्रन न काढता, बुटांतून पाणी गाळत धावायचीस. मुकादम मागून ओरडायचा, "जा बाई जा, मासे काय, थांबतील तुझ्यासाठी!" असं जवळजवळ रोज. हजेरीत ती हजर. फुटायच्या आत घरी. जे काही फुटायचं ते तुझ्या स्वयंपाकघरात.

मग तू प्लॅनसाठी अर्ज केलास. बैठकीला मी तुझ्यासोबत आले, तुला नको असताना. ल्यूकॉकसाहेबांनी बिस्किटांची बशी पुढे केली आणि म्हणाले, "खरं सांगू का, शाळेत ती अगदी ठीक असते."

मी म्हटलं, "असते कधी शाळेत?"

"आपण कोण?"

"शेजारीण. हिला शिकवलेली बाई. आणि भिंतीच्या पलीकडे राहते, कान शाबूत आहेत."

"शाळेत तिने आजवर कुणालाही इजा केलेली नाही."

"कारण तुम्ही बॉम्बची वात पेटलेली दिसली की तो हिच्या पदरात टाकता आणि मग सांगता, आमच्याकडे कधी स्फोट होत नाही."

तू टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारलीस. जोरात. निळं पडलं होतं ते.

कौन्सिलने पाहणीला मानसतज्ज्ञ पाठवल्या, डॉक्टर वेन. उंच, शांत, ओल्या बुटांनी गालिच्यावर यायला कचरणाऱ्या. तू आदल्या दिवशी सगळी भोकं बुजवलीस, दार रंगवलंस, तुटलेली खुर्ची माझ्या परसात आणून टाकलीस. ब्रायनीला दोन दिवस शाळेत पाठवलं नाहीस, घर तापवून ठेवलंस, चिप्सच्या दुकानातून नुसती कवचं मागून आणलीस. पोरगी खोक्यात मांजरासारखी बसून होती. डॉक्टर वेन तासभर बसल्या, चहा प्यायल्या, म्हणाल्या, "किती छान ठेवलंय तुम्ही सगळं." तू लाजलीस! त्या गेल्यावर माझ्याकडे पळत आलीस, "बाई, छान म्हणाल्या!"

उत्तर आलं. घर शांत, आई समर्थ, शाळेची तक्रार नाही. प्लॅनची गरज दिसत नाही.

मी तुझ्या दारात उभी राहून ओरडले. "मूर्ख आहेस तू! जखम दाखवायला डॉक्टरकडे जायचं आणि आधी पावडर लावायची?"

तू उंबरा घाशीत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बाई, तुमच्या घरातून कुणाला नेलेलं नाही."

मी घरात गेले आणि दार आपटलं.  

तू फेरविचाराचा अर्ज टाकलास. पण तो चालायला वेळ लागतो, आणि ब्रायनी रोज त्या शाळेत जात होती. आता ल्यूकॉकसाहेब फोन करीनासे झाले होते. माझं बोलणं लागलं असावं, किंवा शाळेच्या वकिलाने कान टोचले असावेत. तेव्हा जे व्हायचं ते तिथेच झालं. जेवणाच्या वेळी कुणी कानाजवळ घंटा बडवली. ब्रायनीने वाढपाचा गाडा उलथवला, गरम रस्स्याचं पातेलं गेलं, पोरं किंचाळली. दोन मोठ्या माणसांनी तिला सभागृहाच्या फरशीवर पालथं पाडलं आणि पाठीवर गुडघे देऊन धरून ठेवलं. ती गप्प पडेपर्यंत. गप्प पडायला तिला फार वेळ लागला. हनुवटीची कातडी घासून निघाली होती, दोन्ही दंडांवर बोटं उमटली होती. शाळेने तुला सांगितलं, "थोडं आवरावं लागलं."

त्या दिवशी दुपारी कामावरून सुटल्यासुटल्या तू माझ्याकडे आली होतीस, ती लांब सुरी घेऊन. "बाई, धार गेलीय हिची. गुरुवारी वॉल्टर येतो ना कोपऱ्यावर, त्याच्याकडून लावून घ्याल? दुसऱ्या कुणाला देऊ नका, तो दुसरा पातं जाळतो." मी हो म्हटलं. तू सुरी खणात ठेवलीस आणि पोरीला आणायला शाळेत गेलीस.

मी भिंतीपलीकडून ऐकलं. दार आपटलं नाही. खुर्ची नाही, भिंत नाही. क्रम चुकला होता. एकदम तुझाच आवाज आला, आणि तो ओरडण्याचा नव्हता, कुणी पोटात लाथ घातल्यावर श्वास निघतो तसा होता.

मी मागच्या दाराने आत आले. तिचे बूट काढायला तू वाकली होतीस. तिच्या हातात चहाचा मग होता, चिनी मातीचा, घरातला शेवटचा. तो तुझ्या तोंडावर फुटला होता. तू जिन्याच्या पायरीवर बसली होतीस, डाव्या डोळ्यावर तळवा दाबून, आणि मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळून गालिच्यावर गळत होतं. समोर ब्रायनी स्वतःचा दंड चावत होती आणि कपाळ भिंतीवर आपटत होती. ठण्. ठण्. प्रत्येक वेळी भिंतीवर लाल ठसा.

मी तुझ्याकडे धावले. तू दुसऱ्या हाताने मला ढकललंस. "मला नाही, बाई. आधी तिचं डोकं. उशी लावा. धरू नका तिला, नुसती उशी लावा मध्ये."

मी भिंत आणि पोरीचं कपाळ यांच्यामध्ये उशी धरून उभी राहिले. सत्तरी उलटलेली बाई. तिचं डोकं माझ्या बोटांवर आपटत होतं आणि तू मागून, रक्त गिळत, बारीक आवाजात म्हणत होतीस, "संपलं गं राणी, संपलं, घंटा संपली."

अँब्युलन्स आली. त्या माणसाने विचारलं, "कसं झालं?"

"कामावर. सुरी निसटली."

त्याने तुझ्या पायांकडे पाहिलं. लोकरीच्या सपाता होत्या. "सपाता घालून मासे कापता होय?" मी तोंड उघडलं, तर तू त्या उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे असं बघितलंस की मी तोंड मिटलं.

डोळा काढावा लागला. काचेचा बसवला, जवळजवळ त्याच रंगाचा. पण एका डोळ्याला अंतर कळत नाही. शेडमध्ये परत गेल्यावर पहिल्याच दिवशी तू हॅडॉकऐवजी अंगठा उघडलास. मुकादमाने तुला बर्फ भरायला ठेवलं. तो चांगला माणूस, त्याने काढून टाकलं नाही, पण फावडं घेऊन उभी असलेली तू मला धक्क्यावर दिसलीस आणि मी दुसऱ्या रस्त्याने घरी आले.

फेरपाहणीची तारीख ठरली. त्याच डॉक्टर वेन. मी तुला समोर बसवून बजावलं. "या वेळी भिंतीला हात लावायचा नाही. आहे तशी दिसू दे."

"बरं."

"शपथ घे."

"घेतली, बाई."

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरात शिरले आणि नाकात वास भरला. ताजा रंग. पुढच्या खोलीची भिंत सायीसारखी गुळगुळीत. तू हात पुशीत उभी होतीस, नखांत लांबी.

"जनीन!"

"नाही जमलं, बाई. नुसतं एकच भरणार होते, तो कपाळाचा डाग झाकायला. मग हात थांबेना."

दारावर थाप पडली. डॉक्टर वेन आत आल्या, बसल्या. तू त्यांना प्लॅस्टिकच्या कपात चहा दिलास. त्या इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "नेहमीसारखंच नीटनेटकं." आणि मला दिसलं की तू पुन्हा खूश होऊन हसणार आहेस.

मी उठले. घरी गेले. पायऱ्यांखालच्या पेटीतून हातोडा घेतला, परत आले, आणि तुझ्या भिंतीवर घातला.

लांबी अजून ओली होती आतून. गठ्ठेच्या गठ्ठे सुटून पडले. "हे उन्हाळ्यातलं," मी म्हटलं. पुढचा घाव. "हे नाताळचं, टाचेचं." पुढचा. "इथे कपाळ. हे बघा, रंगाखाली रक्त." डॉक्टर वेन उभ्या राहिल्या होत्या, कप तसाच हातात. तू माझा हात धरायला धावलीस, "बाई, नका, बाई, ती आत आहे, आवाज—"

आवाज. ब्रायनी खोक्यातून उठून दारात आली. मी हातोडा टाकला, तोवर तिने माझे केस धरले होते आणि मला गुडघ्यांवर आणलं होतं. माझी कवटी सुटते की काय असं वाटलं. मी तिचा हात ओढू लागले.

"ओढू नका!" तू माझ्या बाजूला गुडघ्यांवर होतीस. "तिचा हात तुमच्याच डोक्यावर दाबा. खाली दाबा. सुटेल." मी दाबला. मूठ सैल झाली. तेवढ्यात तिची टाच भिंतीत गेली, मी पाडलेल्या भोकाशेजारी एक नवं, कुणी न शिकवता. मग तुझ्या खांद्यात दात. तू हललीसही नाहीस. तिच्यापुढे लहान होऊन बसलीस, तिच्या पाठीमागे उशी सरकवलीस, आणि पुटपुटत राहिलीस. घंटा संपली, राणी. ती थकून तुझ्या मांडीवर कोसळली तेव्हा तुझ्या झग्याच्या बाहीतून रक्त येत होतं आणि माझ्या केसांचा एक झुबका तिच्या मुठीत होता. अजून तिथे टक्कलच आहे, पाहायचं असेल त्याने यावं.

डॉक्टर वेननी कप खाली ठेवला. "हे नेहमी असं?"

 मी बोलायला गेले तर तू म्हणालीस, "बाई, तुम्ही नका." मग त्यांच्याकडे वळून, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "डोळा हिने काढला. कामावर नाही. शाळेत हिला फरशीवर दाबून धरलं होतं त्याच दिवशी. सगळ्यांना खोटं सांगितलं मी. आता हिला नेणार असाल तर मला आधी मारावं लागेल, सांगून ठेवते."

"मी न्यायला आलेले नाही," डॉक्टर वेन म्हणाल्या.  "शाळा शोधायला आले आहे. हे पहिल्या वेळी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या वेळी मला दोन डोळे होते."

त्या खाली, पडलेल्या लांबीच्या चुऱ्यात बसल्या आणि तुला अगदी पहिल्यापासून सांगायला लावलं. हनुवटीचं, दंडांचं, फोनचं, पातेल्याचं. तू सांगितलंस. अंधारून आलं तरी कुणी दिवा लावला नाही, ब्रायनी उठेल म्हणून.

प्लॅन झाला. डोंगरांपलीकडची निवासी शाळा, जिथे घंटा नाहीत आणि मुलाला पालथं पाडत नाहीत. ब्रायनी आठवडाभर तिथे, शनिवार-रविवार तुझ्याकडे. म्हणून तू त्या गावात खोली घेतलीस. हे बोर्डिंगात टाकून मोकळं होणं नव्हे. समुद्र सोडून, धक्का सोडून, हातचं कसब सोडून जाणं आहे. रांगेतल्या त्या बाईने याच्या निम्मं तरी करून दाखवावं.

निघताना तू गाडीतून मान बाहेर काढून ओरडलीस, "बाई, ती सुरी! वॉल्टरकडून धार लावून ठेवा, न्यायला येईन!" मी हो म्हटलं. पुढच्या सीटवर ब्रायनी दोराचा तुकडा नाकाशी धरून बसली होती. तुमच्या घरात अजून सुरी ठेवता येत नाही, हे तुलाही माहीत, मलाही.

वॉल्टर अजून गुरुवारी कोपऱ्यावर येतो. आज मी सुरी फडक्यात गुंडाळून उंबऱ्यापर्यंत गेले होते. त्याने चाक फिरवायला सुरुवात केली, तो आवाज ऐकला, ही धार आता कुठल्या घरासाठी असं मनात आलं, आणि परत आले. खणात ठेवली आहे. बोथटच.